मामाच्या वळणावर

बारशालाच सासूबाई म्हणाल्या होत्या,
नाक बघा, भुवया बघा,
पोरगं मामाच्या वळणावर गेलंय.
मी पाळण्याची दोरी ओढत राहिले.
मामाला त्यांनी फक्त फोटोत पाहिलेलं,
खांद्यापासून वर.

मन्मथ दीड वर्षाचा होऊन मग चालला.
चौथ्या वर्षी टाचा जमिनीला टेकेनात.
चवड्यांवर चालायचा, पोट पुढे काढून, कमरेत झुलत.
गल्लीतली पोरं ओरडायची, बदक आलं बदक,
आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा.

पडायचा. सपाट फरशीवर, कशालाही न अडखळता.
एक खपली निघायच्या आत दुसरी.
मी म्हणायचे, चप्पल मोठी झालीय.
दोन महिन्यांत तीन जोड बदलले.

तालमीतले विरूपाक्षअप्पा एकदा दारात थांबले,
त्याची पोटरी दाबून बघितली,
भरलेली, टणक, कच्च्या पेरूसारखी.
ह्याला माझ्याकडं पाठवा, जात्याच पैलवान हाय.
आमच्या ह्यांनी त्याच संध्याकाळी खारका आणल्या.
मी मात्र त्या पोटऱ्यांना तेल लावताना डोळे मिटायचे.
माझ्या तळव्यांना त्या आधीपासून माहीत होत्या.

संगमेश्वर माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.
अकराव्या वर्षी बसला तो बसलाच.
आमच्या देवणीत त्याला वात म्हणाले.
ग्रहणाच्या दिवशी उकिरड्याच्या मातीत
गळ्यापर्यंत पुरलं त्याला, सूर्य सुटेस्तोवर.
मी शेजारी बसून त्याच्या तोंडावरच्या माशा हाकत होते.
महानंदे, तो म्हणाला, आता मी उगवीन का गं?
वीस काही पुरी केली नाहीत त्यानं.
माझं लग्न ठरवताना वडिलांनी सांगितलं, तापानं गेला.
खोटं नव्हतं. शेवटी ताप होताच.

श्रावणातल्या सोमवारी मठातली पंगत उठली.
बाकीची पोरं टुणकन उठून पळाली.
हा आधी पालथा वळला, ओणवा झाला,
हात जमिनीवर,
मग एक तळवा गुडघ्यावर, मग दुसरा, मग मांडीवर,
असा स्वतःलाच धरून स्वतःवर चढला
आणि उभं राहून माझ्याकडे बघितलं, जिंकल्यासारखं.
मी उष्ट्या पत्रावळीची घडी घातली.
पुन्हा उघडली. पुन्हा घातली.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनीही त्याला खाली बसवून उठायला लावलं
आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.
नऊ सेकंद.
रक्तातला जो आकडा दोनशेच्या आत पाहिजे
तो कागदावर चौदा हजार.
मग त्यांनी विचारलं,
तुमच्या माहेरी होतं का असं, भावाला, मामाला?
हे लगेच म्हणाले, नाही, तसलं काही नाही.
होतं, मी म्हणाले.

एस.टी.त हे नळेगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.
तिथं उतरून चहा घेऊन आले.
दोन कप.

रुखवतात समई, घागर, शेवयांचा साचा,
सगळ्याची यादी वडिलांच्या अक्षरात अजून ट्रंकेत आहे.
यादीत नव्हतं तेही मीच आणलं.
आईनं दिलं मला, तिलाही न कळता.
धाकटी नीलांबिका अंगणात दोरीवरच्या उड्या मारते,
एकशे तीस, एकशे एकतीस, कधी पडत नाही.
हिचं आत्ताच तपासू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मोठी झाली की तिलाच विचारा.
तोवर ते विचारायचं माझ्याकडे ठेवलेलं.

मन्मथला जेवायला आता उंच स्टूल दिलंय.
सासूबाई पहिल्या दिवशी पुटपुटल्या,
मोठी माणसं खाली, अन् पोरगं वर?
दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढली,
ताट मांडीवर घेतलं.
माझे तरी गुडघे कुठं राहिलेत, म्हणाल्या.
भाकरी त्याच्या दुधात कुस्करून देता देता
माझ्याकडे न बघता विचारलं,
हसताना कसा दिसायचा गं, तुझा भाऊ?